फुकटचा सांभार

अकोल्यात गजेंद्र शेठचा कारखाना हाये. नळाच्या तोट्यांवर निकेल चढवतात अन् धुतलेलं हिरवं पाणी महानगरपालिकेच्या गटारात सोडतात. गटार नाल्यात येते, नाल्याच्या काठी आमचं वावर. आमची भाजी त्याच पाण्यावर व्हायची.

पाणी तपासलं तं त्यात निकेल निघालं. मी शेठकडे गेली. त्यानं बसासुद्धा म्हटलं नाही. "पाण्याले काय होते बाई? पाणी तं पाणीच असते."

मी घरी आली अन् साऱ्या भाजीवर नांगर फिरवला. सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, एक वाफा तेवढा ठेवला. आता दर्यापूरकडची भाजी आणून विकतो.

इतवारी शेठ माह्या दुकानावर आला. त्यानं मले ओळखलं नाही. भाजीवालीचं तोंड कोण पाहते. पालक घेतला, मेथी घेतली, अन् सारे म्हणतात तसं म्हणला, "वरून थोडा सांभार टाक वं."

मी ओल्या पोत्याखालची जुडी काढली अन् त्याच्या थैलीत टाकली. फुकटात एवढी मोठी जुडी पाहून तो खूश झाला.

"कुठला हाये?"

"तुमच्या नाल्यावरचा."

त्याचा चेहरा उतरला. "हे मले काहून देऊन राहिली?"

"काहून म्हणजे? पाणी तं पाणीच असते, शेठ."

त्यानं जुडी काढली अन् बाजूच्या गटारात फेकली.

"घरात नको ते गटारात," मी म्हटलं. "तुमची सवय जुनीच हाये."