हारूबाईकडे राहिलेला डबा

मित्रांनो, आधीच सांगतो, माझ्या रूपाला हसायचं नाही. मी एक जुना पितळी डबा आहे. कडीचा, घट्ट झाकणाचा आणि एका अंगाला चांगला मोठा पोचा पडलेला. सध्या माझा मुक्काम नागपूरला, बेसा भागातल्या एका फ्लॅटमध्ये, ओट्यावरच्या फळीवर आहे. शेजारच्या प्लास्टिकच्या बरण्या मला म्हातारा म्हणत असतील, तर म्हणोत बापड्या. त्यांच्यापैकी एकीनं तरी जपान पाहिलाय का? मी पाहिलाय.

भंडाऱ्याच्या एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. कौसल्याच्या लग्नात मी आहेरात आलो. तिचा नवरा आनंदराव उमरेडच्या कोळसा खाणीत कामाला होता. सायकलच्या हँडलला लटकून मी रोज त्याच्याबरोबर जायचो आणि एकदा त्याच सायकलवरून पडलो, तो हा पोचा. कौसल्याच्या हातच्या वांग्याच्या भाजीचा वास झाकण उघडताच सुटायचा, की आजूबाजूचे चार हात पुढे यायचे. ते दिवस आठवले की अजून भरून येतं.

पण माझा खरा मान दसऱ्याला. दीक्षाभूमीवर गावोगावहून माणसं येत, आणि कौसल्या वस्तीतल्या बायकांबरोबर त्यांना पुरी-भाजी वाढायची. भाजी माझ्यात असायची. कोण कुठला, कोणी विचारत नसे. आलेल्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, एवढंच.

पुढे आनंदराव गेला. लेक प्रीती जपानला एका डोंगराळ गावातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. कौसल्या एकटी उरली. एकटीच्या स्वयंपाकाला एवढा डबा कशाला? मी माळ्यावर गेलो. तिथल्या धुळीबद्दल न बोललेलंच बरं.

मग एका वर्षी प्रीतीनं तिकीट पाठवलं. "आई, इकडं झाडं लाल होतात तवा ये." कौसल्यानं मला खाली काढलं, कल्हई करून आणली, चिंचेनं लख्ख घासलं आणि घासता घासता म्हणाली, "चाल गा, पोरीले घेऊन येऊ. तिथं तिचं कोण हाय?"

म्हणजे हा प्रवास पानं पाहायला नव्हता. लेकीला परत आणायला होता. आणि हे प्रीतीला ठाऊक नाही, फक्त मला ठाऊक आहे, असं मी समजत होतो.

चिवड्यानं गच्च भरून मी निघालो. विमानतळावरच्या साहेबानं मला उलटंपालटं करून पाहिलं, तेव्हा कौसल्या त्याच्यावर डाफरली, "हळू नं भाऊ, सांडन!" पुढे जपानची एक छोटी आगगाडी डोंगरांतून चालली. दोन्ही बाजूंना धानाची शेतं. कापलेलं धान बांबूंवर उलटं टांगून वाळत घातलेलं. डोंगर तर लाल-पिवळे झालेले. कौसल्या खिडकीला नाक लावून बसली होती. आनंदराव असता तर, एवढंच ती एकदा म्हणाली.

प्रीतीच्या शेजारी हारुए नावाची एक म्हातारी एकटीच राहायची. कौसल्यानं पहिल्याच दिवशी तिचं नाव हारूबाई करून टाकलं आणि मला चिवड्यासकट तिच्या घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी परत आलो तो उकडलेल्या रताळ्यांनी भरून! शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा रिवाज तिथेही आपल्यासारखाच निघाला.

झालं, आता कौसल्या कशी ऐकणार? तिनं बेसनाच्या वड्या भरल्या. तिकडून मुळ्याचं लोणचं आलं. त्याच्या वासानं माझंच डोकं फिरलं. इकडून शंकरपाळे, तिकडून चेस्टनट घातलेला भात. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघीही हार मानत नव्हत्या. मी मधल्या मध्ये बिनपगारी हमाल.

"आई वं, हे आता कधी थांबन?" प्रीती हसून विचारायची.

"तिले सांग अगुदर थांबायले. मी काहून थांबू?"

त्याच सुमारास गावचा सुगीचा उत्सव आला. गावाच्या देवाची जड लाकडी पालखी खांद्यावर घेऊन मिरवायची असते. पण गावात तरुण उरले होते कुठे? सकाळी कौसल्या कणीक मळायला बसली. "आज दसरा. तिकडं दीक्षाभूमीवर लोकं जेवून राहिले असतील. मी रिकामी कशी बसू? देव त्यांचा असू दे, भुकेलं माणूस तं आपलंच हाय."

बटाट्याच्या भाजीनं भरून मी तिच्या हातात होतो. पुऱ्यांची परात हारूबाईनं उचलली होती. मोठमोठे ढोल घुमत होते. तेवढ्यात पालखी आली. पिकल्या केसांच्या माणसांमध्ये निळा अंगरखा घालून, दांड्याला खांदा लावून आमची प्रीती चालत होती. घामाघूम झालेली. रस्त्याच्या कडेच्या म्हाताऱ्या तिला नावानं हाक मारत होत्या. हारूबाई तर परात सांभाळत त्यांच्या लाडाच्या बोलीत ओरडत होती, "प्रीती-चान! प्रीती-चान!" कौसल्याचा हात माझ्या कडीवर घट्ट आवळला.

पुऱ्या हातोहात संपल्या. मला घासायला म्हणून हारूबाई घरी घेऊन गेली, आणि मी तिकडेच राहिलो.

कौसल्याचा निघायचा दिवस आला, तशा मायलेकी निरोप घ्यायला हारूबाईच्या घरी आल्या. हारूबाई दारात आली, कमरेत वाकली आणि अपराध्यासारखी काहीतरी बोलली.

"डबा आता देता येत नाही म्हणते," प्रीतीनं सांगितलं. "तेंडूसारखी गोड फळं सोलून तिनं तुह्यासाठी वळचणीला टांगली हायेत. ती वाळली नाहीत अजून. रिकामा कसा देऊ म्हणते. तिले मागून मी रिकामाच आणू का? बाबाची आठवण हाय तो."

कौसल्यानं मान वर करून त्या टांगलेल्या माळांकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको. राहू दे तिच्यापाशी. प्रीती, मी तुले न्यायले आली होती वं."

"मले माहीत हाय, आई. तू कधी म्हणतेस, त्याचीच वाट पाहून राहिली होती मी."

"आता नाही म्हणत."

दोघी मायलेकी गळ्यात पडून रडल्या. हारूबाईला काही कळलं नाही, तरी तीही रडली. कौसल्या रिकाम्या हातांनी नागपूरला गेली.

फळं वाळेपर्यंत मी हारूबाईच्या फळीवर होतो. प्रीती कामावरून आली की आधी तिच्याकडे यायची, फळं दाबून पाहायची आणि तिथंच जेवायची. थंडीत ती सुट्टीवर आली, तेव्हा मला काठोकाठ भरून घेऊन आली. कौसल्यानं ती फळं सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटली. आता प्रीती निघायची आहे, आणि माझ्यात चिवडा भरला जातोय.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना माळ्यावर टाकू नका. आम्हाला घासा, भरा, कुणाच्या तरी घरी पाठवा. आणि तुमचं कुणी दूर गेलं असेल, तर फोनवर नुसतं 'परत कधी येतेस' असं विचारू नका. शेजारी कोण राहतं, तेही विचारा.