पडवीचा कठडा

सन तीस-एकतीसच्या सुमाराची गोष्ट. गुहागरकडचा भागोजी मुंबईला जुनी घरं पाडायच्या कामावर होता. बायकोला, तुळसाला, त्यानं आजवर साधा चोळीचा खण पाठवला नव्हता, आणि यंदा पाठवला काय, तर बिडाचा कठडा! जुना, ओतीव लोखंडाचा, वेलबुट्टीचा, पण अजून खणखणीत. चुलत दीर धोंडू तो बोटीनं आणि मग बैलगाडीनं घेऊन आला.

"साहेबाच्या बंगल्याचा हाय, वयनी. दादा बोलला, पुढच्या पडवीला बसवून घे. शिमग्याला तो येतोच हाय."

"पडवीला? आजवर कोण पडलं तिथनं?"

धोंडू गूळपाणीही न घेता उठला. तुळसाच्या मनात पाल चुकचुकली. तिची कूस उजवली नव्हती, आणि आज ना उद्या सवत येईल ही धास्ती तिच्या उशाला कायमची. शेजारणी आपल्या "नशीब काढलंस गो!" म्हणत बिडाच्या फुलांवरून हात फिरवायच्या. तुळसा हसायची आणि मनात म्हणायची, पाणी कुठंतरी मुरतंय.

तिनं कठडा राखेनं घासायला घेतला. खालच्या अंगाला, गजागजावर, काथ्याच्या गाठी राहिल्या होत्या. मधला काथ्या सुरीनं कापलेला. म्हणजे गजांमधल्या फटी कुणीतरी विणून बंद केल्या होत्या. त्याही गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच. कोंबड्यांसाठी म्हणावं, तर साहेब काय गच्चीत कोंबड्या पाळतो?

मग तिनं गाठ निरखली. भागोजी डावखुरा. दर शिमग्याला येऊन आवाराचं कुंपण बांधायचा, तेव्हा त्याची गाठ उलट्या अंगानं फिरायची आणि सारी वाडी त्याला हसायची. ती कुंपणापाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. तीच गाठ. साहेबाचा बंगला म्हणे! धोंड्या, जळो तुझी जीभ. भागोजी या कठड्याआड राहत होता, आणि एकटा राहत नव्हता.

तिनं चकार शब्द काढला नाही. सरळ विचारलं तर नवरा कानांवर हात ठेवणार, हे तिला ठाऊक होतं. गवंडी बोलावून तिनं कठडा बसवून घेतला.

शिमग्याला भागोजी आला. पाय धुवायच्या आधी त्यानं कठडा धरून हलवला. मग खाली बसून पुन्हा हलवला.

तुळसानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "चालायला लागला का?"

"छे, अजून नुसता रांगतो. पण पळतो असा की..." म्हणत भागोजी खळखळून हसला. मग त्यानं जीभ चावली.

त्यानं तांब्या घेऊन उगाच पुन्हा पुन्हा पाय धुतले. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "चाळ पाडली गो आमची. आता कुठं ठेवू त्यांना?"

"आणा हितंच. पण मी माहेरी जायची नाय, एवढं ध्यानात ठेवा."

आवाज तिनं कापू दिला नाही, पण आत नुसती आग आग झाली होती. सवतीची धास्ती जुनीच. ती खरी ठरली, याचं तिला एवढं लागलं नाही. लागलं ते त्याचं हसणं. या घरात तो असा कधी हसला नव्हता, आणि ती बिचारी समजत होती, माणसाचा स्वभावच तुसडा आहे.