अण्णांचे पाय

बसा सायबा. तुमच्या पँटीची कड मारून होईस्तोवर एक गोष्ट सांगतो. पहिल्यांदा हसू येईल, तर हसून घ्या.

भर दुपारी देवीची पालखी देवळाला फेरी घालत होती आणि खांदा दिलेले सगळे गडी नाचत होते. भक्तीनं नव्हे हो! कमिटीनं औंदा आवारात काळी ग्रॅनाइटची फरशी घातली होती. वर एप्रिलचं ऊन. तवा झाला होता, तवा! आणि आमच्यात चप्पल घालून पालखीला खांदा देत नाहीत. कोण टाचेवर, कोण चवड्यावर. मागनं मी पण बेडकासारखा उड्या मारत होतो.

एकटा माझा थोरला भाऊ, कृष्णाजी, सावकाश चालत होता. बागेत फिरायला निघाल्यागत.

"अण्णा, भाजत नाही?"

"देवीचं नाव घे, गिरीधर. बोंबलू नको."

फेरी संपली तशी बायका म्हणायला लागल्या, अण्णांवर देवीची कृपा झाली. इथंच शिवाजीनगरात गुंड्या नि लेस विकणारा माणूस, पण त्याला मंडपात खुर्चीवर बसवलं आणि लोक रांगेनं पाया पडायला लागले. अण्णा खूश. आमची वैनी, तुंगाबाई, ती पण वाकली.

तिचा हात ओला झाला.

तिनं हात पदराला पुसला. परत तळव्याखाली घातला. मग तिथंच खाली बसली आणि पदर त्यांच्या दोन्ही पायांवर पसरला.

"ऊठ की गं, लोक थांबलेत."

"थांबू देत," वैनी म्हणाली. तोंड पांढरंफटक. "विद्याला बोलवा कोणीतरी."

विद्याश्री म्हणजे त्यांची लेक, डॉक्टरीण. होसकोट्याच्या बाजूला गावोगाव फिरून साखरेच्या रोगाची पाहणी करते, कुणाला आहे, कशानं झाला. घरी बापाला सांगून सांगून थकली होती. अप्पा, आपल्या लोकांना बारीक अंगातही साखर होते. आजोबांना होती. तुम्ही दिवसभर गल्ल्यावर बसून असता. एकदा रक्त तपासा. अण्णांचं एकच, "ती जाड्यांची बिमारी. मी वाळक्या शेंगेसारखा, मला कसली साखर? जा, होसकोट्याला टोच कुणाला टोचायचं ते."

ती आली. पदर उचलून बघितलं. तळव्याची कातडी फुगून फाटली होती. मला बघवेना. पोरगी ओरडली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

"अप्पा, डोळे मिटा. मी एक बोट धरते. कुठलं ते सांगा."

"लहान आहेस का आता? सरी, सरी, धर." अण्णांनी हसत डोळे मिटले.

विद्यानं अंगठा चिमटीत धरला. मग शेजारचं बोट. मग करंगळी धरून दाबली, तिचं स्वतःचं नख पांढरं होईस्तोवर.

"धर की," अण्णा म्हणाले. "किती वेळ वाट बघू?"

एक म्हातारी पाया पडायला पुढं आली, तिचा हात वैनीनं झिडकारून टाकला.

अण्णांनी डोळे उघडले. लेकीची चिमटी अजून करंगळीवरच होती. तिच्याकडं बघितलं, मग वैनीकडं.

"तुंगे," ते हळू म्हणाले, "देवीनंच भाजू दिलं नाही ना?"

वैनीनं पदर परत पायांवर घातला.

आता हॉस्पिटलात आहेत. रक्तात साखर निघाली, तिनंच पाय बधिर केलेत. बोटं ठेवायची का काढायची, ते परवा सांगणार आहेत. वैनी पायथ्याशीच बसून असते.

झाली गोष्ट. ही घ्या, पँट पण झाली. अंहं, उठू नका.

तेव्हापासून मशीनवर बसलो की माझं लक्ष खाली जातं. पाय पायडल हलवतो. पण ते पायाला लागतंय, की नुसती सवय चाललीय? उड्या मी पण मारल्या होत्या त्या दिवशी. पण भाजलं म्हणून मारल्या, का सगळे मारत होते म्हणून? आठवतच नाही बघा. अण्णांची नि माझी आई एक, बाप एक, आणि आम्हा दोघांचं कामही बसूनच.

विद्या रोज फोन करते, काका, तपासून घ्या. उद्या येतो म्हणतो. घरात बायकोसमोर डोळे मिटायची छाती होत नाही. तुम्ही परके, तेच बरं. शटर स्वल्प खाली ओढतो. तुम्ही वयानं लहान, पायाला हात लावायला सांगितलं म्हणून राग मानू नका. ही बघा, चप्पल काढली. डोळे मिटले. मनाला येईल ते बोट धरा. आणि सायबा, धरल्याबिगर धरलं म्हणू नका.