खानदानी दुखणं

शैलश्रीचे वडील, अप्पा, गेले आणि त्यांचा जर्मन शेफर्ड, बादल, तिच्याकडे राहिला. या जातीच्या कुत्र्यांना पुढं खुब्याचं दुखणं लागतं हे तिला ठाऊक होतं. बादल अजून धडधाकट होता. दुखणं सुरू झाल्यावर विमा काढून उपयोग नव्हता. म्हणून तिनं भालकीहून विम्याच्या राजपालला बोलावलं.

"अक्का, ही पॉलिसी घ्या. स्वस्त हाय, समदं येतंय हिच्यात."

"आई-बापाकडून आलेलं खुब्याचं दुखणंबी?"

"ते खानदानी आजार तेवढे सोडून. पर तुम्ही कामून भ्यायलाव? अप्पाच सांगायचे की, कुत्रं खानदानी हाय म्हणून."

"व्हय, म्हणूनच. कुत्रं खानदानी, तर दुखणंबी खानदानीच येणार की!"

राजपाल हसला. "तुम्ही बी अप्पाच हाव," म्हणत त्यानं दुसरी, जरा महाग पॉलिसी काढली. तिच्यात खुब्याचा खर्च मिळत होता. शैलश्रीनं ते कलम नीट वाचलं आणि मान डोलावली.

राजपालनं सवयीनं मालकाच्या जागी अप्पांचं नाव लिहायला घेतलं.

"ते खोड," ती शांतपणे म्हणाली. "माझं लिही. बादल आता माझा हाय."