निळीच राहिलेली नळी

"सगळ्या नळ्या निळ्या! म्हणजे माझी मासळी ताजी. कर की सही, ताई," तिचा धाकटा भाऊ आयविन दारातूनच म्हणाला. "फेरीबोट सुटायची वेळ झाली."

तोरुनने पेन उचललं आणि परत ठेवलं. बेटावरच्या मासळी कारखान्याची प्रयोगशाळा म्हणजे गेली सव्वीस वर्षं ती एकटीच. मासा शिळा होऊ लागला की त्यात हायपोझँथिन नावाचं रसायन साचतं. गाईच्या दुधातून काढलेलं एक तपकिरी एन्झाइम त्याच्यावर तुटून पडतं आणि नळीतला निळा रंग गुलाबी होतो. पण आज पडताळ्यासाठी घेतलेला आठवड्याच्या शिळ्या कॉड माशाची नळीही निळीच होती.

तिने एन्झाइमची बाटली उजेडात धरली. आत अजून बर्फाचे खडे होते. हे एन्झाइम गार ठेवायचं, गोठवायचं नाही. गोठलं की मेलं. काल अंथरुणाला खिळलेल्या आईला भरवायला घरी पळताना तिनेच बाटली फ्रीजरमध्ये सरकवली होती आणि सकाळी तंद्रीत तिथूनच काढली होती. मासळीच्या गावात हात आपोआप फ्रीजरकडे जातो, दुसरं काय!

"बाटली माझ्याकडून गोठली. नव्या बाटलीने परत करते," ती म्हणाली.

"कुणी सांगितलंय नसतं शहाणपण? चूक तुझी. झाक, मी बोलणार नाही." मग त्याचा आवाज उतरला. "बोटीवरचं बर्फाचं यंत्र बिघडलंय, ताई. दोन खेपा आधीच नापास झाल्यात. ही तिसरीही नापास झाली की कारखाना माझी बोट बंद करणार. मग मला दूर समुद्रातल्या तेलविहिरीवर जावं लागेल. आईला कोण बघणार? सोमवारी तू चाललीस ना ट्रॉन्डहाइम शहरात, नव्या नोकरीवर?"

तोरुनला रडूच कोसळलं. पन्नाशी उलटल्यावर कुणीतरी बोलावलं होतं. एका सहीत सुटका होती. चांगली संधी होती आणि तिला ती हवी होती, अगदी हवी होती. डोळे पुसून तिने नवी बाटली उघडली.

पंधरा मिनिटांत आयविनच्या नळ्या एकेक करून गुलाबी झाल्या. तिने 'नापास' लिहिलं.

रविवारी आयविन तेलविहिरीवर जायला निघाला. जुन्या बॅगेची चेन लागेना म्हणून तो ती गुडघ्याने दाबत बसला होता. तोरुनने आपली कोरी बॅग आणली. आतले घडी केलेले कपडे काढून आईच्या पलंगावर रचले.

"ही ने. मोठी आहे," ती म्हणाली.

आयविन मान खाली घालून तिच्यात लोकरी मोजे भरू लागला.

"निघालीस का गं, तोरुन?" आईने पडल्यापडल्या विचारलं.

"नाही आई. आयविन चाललाय."