नॉर्मल जबडा

आमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी सगळ्यात आधी मी चावते. दोन्ही गालांवर बटणाएवढे सेन्सर चिकटवायचे, मेणाची गोळी चघळायची, पडद्यावरची हिरवी रेघ नाचते का बघायचं. मग गोळी थुंकून दोन मिनिटं गप्प बसायचं, म्हणजे विश्रांतीची रेघ मिळते. खरं तर ही यंत्राची तपासणी. पण अकरा वर्षांपूर्वी सरांनी माझीच रेघ 'नॉर्मल' ठरवून टाकली, आणि तेव्हापासून येणारा प्रत्येक पेशंट माझ्या जबड्याशी ताडून पाहिला जातो. एवढा मान मला सासरीही मिळाला नाही.

सरांचा विषय चावणं. मेंदूच्या बुडाशी एक जागा आहे, तिथून निघालेली नस जबडा हलवते. दातांच्या मुळांकडून 'हे कडक, हे मऊ' अशा खबरा उलट जातात आणि आपल्याला न विचारता जोर कमी-जास्त होतो. "ही नस खोटं बोलत नाही," असं सर पाहुण्यांना सांगतात. माझ्याशी तुलना करून त्यांनी शोधही लावला होता, की हल्लीच्या माणसांचे जबडे ढिले पडलेत.

नवरा दोन वर्षांपूर्वी बदलीच्या गावी गेला, मुलगी त्याच्याबरोबर. आता तिथल्या दंतमहाविद्यालयात माझ्यासाठी जागा निघाली होती. मला सोडत असल्याचं सरांच्या सहीचं पत्र शुक्रवारपर्यंत पोचायला हवं होतं. मी चार वेळा मागितलं.

"तू गेलीस तर नॉर्मल कुठून आणू?" सर हसायचे. "अगं, तू माणूस नाहीस, मोजपट्टी आहेस."

मीही हसायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! फोनवर लेक विचारायची, "आई, कागद झाला?" मला त्या कागदाची चीड यायची, सरांची यायची, आणि सगळ्यात जास्त माझ्या हसण्याची.

गुरुवारी सर दाढ काढायला गेले. उभा जन्म लोकांच्या दातांत घातला आणि स्वतःची दाढ किडली ते कळलं नाही! अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी एकटी यंत्रासमोर बसले. विश्रांतीची रेघ पार तळाला. सेन्सर बदलले, वायर बदलली. तरी तळालाच. शेवटी शिपाईमामांच्या गालाला लावून पाहिलं. त्यांचीही तिथेच.

"बिघडलं काय?" मामांनी विचारलं.

सेन्सर परत माझ्या गालांवर लावले, तेवढ्यात दार उघडलं. गालात कापसाचा बोळा धरून सर आत आले, आणि रेघ आपसूक चढून अकरा वर्षांच्या तिच्या जागेवर जाऊन बसली. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. मामा चहाचं निमित्त करून सटकले.

"सर, पेशंट ढिले नव्हते," मी म्हणाले. "मीच आवळलेली होते. तुम्ही शेजारी असता ना, म्हणून."

"काहीतरीच."

"बाहेर जाऊन या."

सर गेले, रेघ उतरली. आले, चढली. तीनदा करून पाहिलं. मग ते स्टुलावर मटकन बसले. मला त्यांची दया आली नाही, उलट हलकं वाटलं. मी पत्र आणि पेन पुढे सरकवलं. "मोजपट्टीच खोटी निघाली, सर. आता तरी सही करा. उद्या शुक्रवार आहे."

सरांनी पेन घेतलं. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाहता पाहता त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पत्र उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला तारीख टाकली, वेळ टाकली, खाली लिहिलं, 'नोंद पहिली'.

"अकरा वर्षं, रोजच्या रोज!" बोळ्यामुळे त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "असा पेशंट जगात कुणाकडे नाही. आता तर तुला सोडायचा प्रश्नच नाही."

रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. सेन्सर उपटून काढायला माझा हात गालाकडे गेला.

"हलू नकोस," सर म्हणाले. "नोंद चालू आहे."

मी हात परत मांडीवर ठेवला.