खडकझरे बसून आहेत

आमचं आडनाव खडकझरे. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावात या आडनावाचं एकच घर होतं, आणि तेही पुढं बजाजनगरात आलं. गावात आडनावाचं काम पडत नसे. आडनावानं कोणी हाक मारली, की समजायचं, दारात सरकारी माणूस आलाय.

अकरा वर्षांपूर्वी अशीच हाक आली होती. माझे मालक चितेगावच्या एका कंपनीत कामाला होते. सकाळी डबा घेऊन गेले, ते परत आले नाहीत. चार वाजता गेटातून बाहेर पडले, एवढं रजिस्टरात होतं. पुढचं कोणालाच माहीत नाही. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पोलीस कागद वाचून दाखवायचे आणि मी अंगठा द्यायचे. कागदावर खरंच तेच होतं का, हे मला कसं कळणार? म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी मी समाजमंदिरातल्या वर्गाला बसले. आधी मराठी शिकले. मग नातीकडून, विशाखाकडून, इंग्रजी अक्षरं.

यंदा माझ्या मुलानं, सुयशनं, घरावर एक खोली चढवायचं काढलं. घर बापाच्या नावावर. माणूस सात वर्षांच्या वर बेपत्ता असेल तर कोर्ट त्याला मयत धरू शकतं, पण घरच्यांनी शपथेवर सांगावं लागतं, की त्याची काही खबर नाही. मोनाली नावाच्या वकीलबाईंनी कागद तयार केला. सही माझी हवी होती. सोमवारी जायचं ठरलं. मी हो म्हणाले. खबर नव्हतीच, त्यात खोटं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात विशाखानं मोबाईलवर शोधलं, आपल्या आडनावाचं जगात आणखी कोणी आहे का. माणूस सापडला नाही. एक इंग्रजी पान सापडलं. एखादा शब्द वाक्यात कसा वापरतात हे दाखवणारं. कोणताही शब्द टाका, कॉम्प्युटर वाक्यं जुळवून देतो, असं ती म्हणाली. शेजारच्या गव्हाड्यांचं आडनाव टाकून पाहिलं, तर दात काढणारे गव्हाडे, क्रिकेट खेळणारे गव्हाडे, असलं काहीबाही आलं. आम्ही लई हसलो.

मग तिनं आमची वाक्यं वाचून अर्थ सांगितला. खडकझऱ्यांनी चार वाजता रजिस्टरात सही केली. खडकझरे त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये चढले नाहीत. जुळतंय की गं, असं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला ती गंमत वाटत होती. तिसरं वाक्य मी बोट ठेवून वाचलं आणि अर्थ विचारला. खडकझऱ्यांच्या उजव्या चपलेचा अंगठा हिरव्या तारेनं बांधलेला होता.

ती तार मी बांधली होती. त्याच सकाळी, घाईत. माझा नवरा असली चप्पल घालून कामाला गेला, हे सांगायची मला लाज वाटली, म्हणून पोलिसांना मी नुसतं काळी चप्पल एवढंच सांगितलं होतं. सुयशलाही हे माहीत नव्हतं.

मी कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी विशाखा कॉलेजातून आली, तशी मी तिला पान उघडायला लावलं. वाक्यं बदलली होती. खडकझरे बाकावर बसून आहेत. खडकझऱ्यांना थांबायला सांगितलेलं आहे. कोणी सांगितलं, ते नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी एकच ओळ होती. भोंगा झाला की खडकझरे उठायला बघतात, मग त्यांना परत बसवतात. ती ओळ लावत होते तेवढ्यात बाहेर कारखान्याचा चारचा भोंगा झाला. विशाखानं मोबाईल उलटा ठेवला. मशीन काहीपण लिहितं, तू नको वाचू, असं म्हणाली खरी, पण आवाज बारीक झाला होता.

रविवारी मी सुयशला सांगितलं, मी सही करणार नाही.

"का? खबर आली का काय तुला?"

"आली."

"कुणी आणली?"

मी मोबाईलकडं बोट केलं. तो आधी विशाखावर चिडला. मग माझ्यापाशी येऊन बसला.

"माय, अंगठा देत होतीस तवाच बरी होतीस. आता वाचती, आन् वाचलेलं समदं खरं मानती."

"तवा तुम्ही वाचून दाखवलेलं मी खरं मानत होते," मी म्हणाले.

तरी सोमवारी गेले. नाही म्हणायचं तर ते वकीलबाईंच्या तोंडावर म्हणावं, म्हणून. त्यांनी कागद पुढं केला. गेल्या अकरा वर्षांत माझ्या पतीची कोणतीही खबर मला मिळालेली नाही. मी शब्दन् शब्द वाचला आणि पेन खाली ठेवलं. विशाखाला म्हणाले, उघड. सुयश उठून दारात जाऊन उभा राहिला.

पानावर एकच वाक्य होतं. विशाखा वाचेना. मग मीच अक्षर अक्षर लावलं. वेळ लागला. वकीलबाई थांबल्या. शब्द जुळले, पण अर्थ लागेना. मी विशाखाकडं पाहिलं.

"खडकझरे म्हणतात," ती हळूच म्हणाली, "खबर नाही असं लिहून दे."

त्यांची रीतच ती. घरात कोणाचं अडलं, की स्वतःला बाजूला करून मोकळे. पण मला वेगळंच उमगलं. अकरा वर्षं ठाण्यात, बसथांब्यावर, चितेगावच्या प्रत्येक गेटावर जाऊन विचारणारी मीच. ते आहेत, असं म्हणणारी जगात मी एकटीच उरले होते. त्यांना त्या बाकावर दुसरं कोण बसवून ठेवणार?

वकीलबाईंनी पतीचं नाव विचारलं. लग्नाला पन्नास वर्षं झाली, ते नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं.

"कचरू खडकझरे," मी म्हणाले.

"काही खबर?"

"नाही."

मी सही केली. अंगठा नाही, सही.

जिना उतरताना विशाखानं आपणहून पान उघडलं आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. तीनच इंग्रजी शब्द होते. या वेळी अर्थ विचारावा लागला नाही. खडकझरे उठून उभे राहिले.

खाली रिक्षा मिळाली. सुयश पुढं ड्रायव्हरशेजारी बसला, आम्ही दोघी मागं. मी एका कडेला सरकून बसले, पार दांडीला लागून.

सुयशनं मागं वळून पाहिलं. "माय, नीट बस ना. एवढी जागा हाय."

विशाखानं आमच्या मधल्या जागेकडं पाहिलं. तीही दुसऱ्या कडेला सरकली.